मंत्र्याच्या घरचा रिकामा डबा

मित्रांनो, मी बर्चच्या लाकडाचा एक जुना डबा आहे. नॉर्वेतल्या एका उंच खोऱ्यात हाल्वर नावाच्या तरुण शेतकऱ्याने मला घडवले. वाफेवर लाकूड वाकवले, झाकणावर लाल फुले रंगवली आणि मला बिर्गितच्या हातात ठेवले. तिने मला हसून घेतले आणि लग्न ठरले. फुले जरा ओबडधोबडच होती, पण तिने ते कधी बोलून दाखवले नाही.

पुढे हाल्वर संसदेत निवडून गेला. राजधानीत तो भाड्याच्या खोलीत राही. बिर्गित माझ्यात बकरीच्या दुधाचे तपकिरी चीज, वाळवलेले मांस आणि पातळ कडक भाकरी भरून धाडी. आमच्या खोऱ्यात भरून आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही. घरातले माणूस गेले असेल तरच तो रिकामा जातो. हाल्वर माझ्यातून कधी कॉफी पाठवी, कधी निळी फीत. एकदा काहीच मिळाले नाही, तेव्हा त्याने आपल्या भाषणाचा कागद घडी करून ठेवला. खेड्यांत शाळा हव्यात म्हणून केलेले भाषण ते. बिर्गितने तो कागद बायबलमध्ये जपून ठेवला. ते माझे भाग्याचे दिवस होते.

मग हाल्वर मंत्री झाला आणि स्टॉकहोमला गेला. नॉर्वे आणि स्वीडनचा राजा तेव्हा एकच होता आणि तो तिथे राही. बिर्गितचे चीज घेऊन मीही तिथे पोचलो. एकदा जेवायला आलेल्या सरदाराने माझ्याकडे बघत नाक दाबले.

"मंत्रिमहाशय, घरात बकरी बांधलीय की काय?"

सगळे हसले. हाल्वरही हसला. त्याचे हसणे मला फार लागले.

त्या दिवसापासून मी कपाटावर. आठ महिने मला कोणी हात लावला नाही. तो खाली कायदे लिहीत बसे आणि मी वरून नुसता बघत राही. आतले चीज सुकून दगड झाले. शेवटी तो चिटणिसाला म्हणाला, "तेवढा डबा घरी पाठवून द्या."

चिटणीस पक्का शहरी. त्याने चीज फेकले, मला साबणाने लख्ख घासले आणि पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी बिर्गितने अंगणात माझे झाकण उघडले आणि रिकामा तळ बघितला. मग डोक्याला काळा रुमाल बांधून, मला काखोटीला मारून चर्चकडे धावली.

"पाद्रीबाबा, घंटा वाजवा. माझा हाल्वर गेला."

"अगं बाई, काहीतरीच काय! आत्ताच पेपर आलाय. गेल्याच आठवड्यात भाषण ठोकलंय त्यानं. चांगला ठणठणीत आहे!"

बिर्गितने माझे झाकण पुन्हा एकदा उघडून पाहिले.

"म्हणजे जिवंत आहे," ती हळूच म्हणाली, "आणि रिकामा पाठवला?"

चूक चिटणिसाची, असे मला ओरडून सांगायचे होते. पण खरे तर ती अर्धीच त्याची होती.

चार वर्षांनी हाल्वर पद सोडून घरी आला. बिर्गितने पान वाढले.

"बसा, मंत्रिसाहेब."

"अगं, मी हाल्वर!"

"जेवण गार होतंय, मंत्रिसाहेब."

तिने त्याला कधी उपाशी ठेवले नाही. आजारपणात ती त्याच्या उशाशी बसून राही. पण त्याचे नाव तिच्या तोंडून पुन्हा निघाले नाही. तो अकरा वर्षे त्या हाकेची वाट बघत होता, आपल्या शेवटच्या दिवसापर्यंत.

आता मी संग्रहालयात काचेआड एकटा असतो. माझ्यात कोणी काही ठेवत नाही. बाहेर त्याचा पुतळा आहे. खाली कोरलेले त्याचे नाव येणारी-जाणारी मुले मोठ्याने वाचतात. मित्रांनो, तुम्ही खूप मोठे व्हा. पण तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारणारे माणूस जपा. त्याला काही पाठवायचे असेल तर स्वतःच्या हाताने भरा, चिटणिसाला सांगू नका.