सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारीला

पोरीच्या लग्नाच्या धांदलीत भैयाजींनी घोडी फळवायला जून उजाडवला, अन् हिंगण्यापुढच्या त्यांच्या फार्मवर शिंगरू जन्मलं ते थेट मे महिन्यात. शर्यतीच्या नियमात मात्र साऱ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीला. त्यामुळे सात महिन्यांचं शिंगरू कागदावर वर्षाचं झालं, अन् आता वर्षभरानं दोन वर्षांच्या घोड्यांत उभं केलं, तर सगळ्यांत बुटकं तेच.

भैयाजी पेटले. "मे महिन्यातल्या लेकराले जानेवारीवाल्यायसंगं काहून पळवून राहिले? कोण्या येड्यानं काढला हा नियम?"

चहा घेऊन आलेली त्यांची बायको कौशल्या म्हणाली, "तुमची जन्मतारीख एक जुलै कोणं लिहिली जी?"

शाळेत घालताना गुरुजींनी गावच्या सगळ्याच पोरांची तीच तारीख लिहिली होती. पहिलीत, दिवाळीत जन्मलेल्या भैयाजींचे पाय बाकावरून जमिनीला टेकत नव्हते.

"मंग काय झालं?"

"चौथीत दोनदा बसलो."

"अन् दुसऱ्या वर्षी?"

"धावण्यात तालुक्यात पहिला आलो!"

भैयाजींनी चहा तसाच ठेवून पुण्याच्या ट्रेनरला फोन लावला. "यंदा आमचं शिंगरू पळत नाही गा," ते छाती फुगवून म्हणाले, "नापास झालं."