रडायला मयत लागतं

पूर्व युरोपातल्या दोब्रुजाच्या त्या खेड्यात कुणी गेलं की पाद्र्याच्याही आधी किरात्साला बोलावणं जायचं. चाळीस वर्षं आरोमानी मेंढपाळांच्या घरांतल्या मयतांवर तीच विलाप गात आली होती. गाण्याआधी ती चुलीपाशी बसून घरच्यांना विचारून घ्यायची: मेंढ्या किती होत्या, भांडण कुणाशी होतं, पहिलं पोर कधी गेलं. मग गळा काढायची. भिंतीला टेकून उभे असलेले पुरुषसुद्धा डोळे पुसायला तोंड फिरवायचे.

तिला जिल्ह्याच्या लोककला महोत्सवाचं आमंत्रण द्यायला आयोजक दोरिनसाहेब स्वतः आले. वर भरतकामाचा सदरा, खाली जीन्स. भरतकाम यंत्रावरचं आहे हे तिनं दारातूनच ओळखलं आणि त्यांना आत या म्हटलं नाही. तरी गेली, कारण शेजारचा तातार ढोलवाला नुरी जाणार होता.

मंडपामागे सगळ्या जमाती मेंढरांसारख्या रांगेत उभ्या केल्या होत्या. नुरीला सांगितलं होतं, पाहुणे बसेपर्यंतच वाजवायचं. लिपोवन जमातीच्या बायकांच्या बारा कडव्यांच्या गाण्याची दोनच कडवी ठेवली होती. किरात्साला मिळाली चार मिनिटं.

"मेलंय कोण?" तिनं विचारलं.

दोरिन हसला. "कुणी नाही हो आजी. आनंदाचा दिवस आहे. तुम्ही आपलं गायचं."

"रडायला मयत लागतं."

"मग मीच मेलो असं समजा. माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास."

तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. जिवंत माणसावर गळा काढणं तिच्या लेखी पाप होतं. पण हा गडी आपलं मरण चहाच्या कपासारखं पुढे करत होता. ती खुर्चीवर बसली आणि नेहमीचं विचारू लागली. मुलं? नव्हती. एखादं झाड लावलंस? फ्लॅटमध्ये कुठं लावणार. भांडण कुणाशी? कुणाशीच नाही, तो सगळ्यांशी जुळवून घ्यायचा. आई? वृद्धाश्रमात होती. ईस्टरला भेटला होता, या की मागच्या ते त्याला आठवेना.

"मग करतोस काय रे दिवसभर?"

"तुमच्यासारख्यांना पुढे आणतो," तो छाती काढून म्हणाला.

नाव पुकारल्यावर ती व्यासपीठावर गेली. पोटावर हात बांधून उभी राहिली आणि गायली नाही, नुसती बोलली.

"हे साहेब गेले असं समज, असं मला सांगितलंय. मी सगळी विचारपूस केली. गाण्याजोगं काही सापडलं नाही. देव त्यांना अजून वर्षं देवो, म्हणजे काहीतरी होईल हातून."

ती खाली उतरली. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. आधी मंडपामागे नुरी फिस्सकन हसला, मग लिपोवन बायका, मग बाकांवरची माणसं. दोरिनचे कान लाल झाले. पण टाळ्या सगळ्यांत जोरात त्यानंच वाजवल्या, आणि माइक घेऊन हा अस्सल लोकविनोद असल्याचं जाहीर केलं. मग तिच्या हातात सन्मानचिन्ह ठेवलं. त्यावर 'पारंपरिक नृत्य' असं कोरलं होतं. ते तिनं खुर्चीवरच सोडलं.

परतीच्या गाडीत नुरीनं विचारलं, त्या बापड्याची जराही दया आली नाही का?

"आईचं सांगताना आली होती थोडी," किरात्सा म्हणाली. "पण सांगतासांगताच त्यानं घड्याळ बघितलं."