बाईसाहेबांचा टॉवेल

मित्रांनो, मी एक टॉवेल आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. उरलेला अर्धा हल्ली फरशी पुसतो आणि त्याच्याविषयी मी फारसं बोलत नाही. जन्मानं मात्र मी खानदानी. गिरणीत विणला गेलो, काठाला निळी रेघ आली आणि थेट एका मोठ्या हॉटेलात रुजू झालो. रोज नवा पाहुणा, रोज गरम पाण्याची आंघोळ. "काय मऊ आहे हो!" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग माझा काठ उसवला, एका पाहुण्यानं मला घेऊन बूट पुसले आणि माझी रवानगी बाद कपड्यांच्या ढिगात झाली. गरज सरो, वैद्य मरो! हॉटेलच्या धुलाईखात्यात काम करणाऱ्या एका बाईनं मला तिथून उचलून घरी नेलं. मधोमध कापून तिनं माझी कडा शिवली आणि आपल्या मुलीला म्हणाली, "चिऊ, हा घे तुझ्या बाईसाहेबांना."

बाईसाहेब म्हणजे चिऊची गिनी पिग. तपकिरी, गुबगुबीत आणि भारी तोऱ्याची. काकडी द्यायला उशीर झाला की शिट्ट्या मारून सगळं घर डोक्यावर घ्यायची. झोपायची मात्र माझ्यावरच. चिऊ तिला माझ्यात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि शाळेतल्या तक्रारी सांगायची. हॉटेलात मला किती जणांनी वापरलं, पण तिथे मी कुणाचाच नव्हतो. इथे मी कुणाचा तरी झालो.

पुढे बाईसाहेबांना दोन पिल्लं झाली. एक ढब्बू आणि दुसरी टिंबी. टिंबी एवढीशी होती की माझ्या घडीत शिरली की सापडायची नाही.

त्याच सुमारास बाईसाहेब अंग खाजवायला लागली. आधी मान, मग पाठ. केसांचे पुंजके आणि कोंडा माझ्यावर पडू लागला. "उकडतंय ना, म्हणून खाजतंय. थांबेल," चिऊचे बाबा म्हणाले. "बाळंतीण आहे ती, केस गळायचेच," शेजारच्या काकू म्हणाल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सगळ्यांना आपापली कामं होती. ती खाजवत राहिली. तिची नखं माझ्या धाग्यांत अडकायची आणि ती वेदनेनं ओरडायची. शेवटी शेवटी तिला झटके येऊ लागले आणि एका सकाळी ती उठलीच नाही. ती माझ्यावरच गेली, मित्रांनो. ती गार होत गेली ते घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं.

पिल्लं तोवर चारा खाऊ लागली होती, म्हणून तगली. मला मात्र चिऊनं धुवायला दिलं नाही. माझ्यात तोंड खुपसून ती रडली. "ह्याला तिचा वास येतो," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि मला कपाटात, स्वेटरच्या मागे दडवून ठेवलं.

त्या अंधारात मला जाणवलं की माझ्या घड्यांत काहीतरी हलतंय. अगदी बारीक, दिसणार नाही असं काहीतरी चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. मला वाटलं, बाईसाहेबच परत आली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मग पिल्लं खाजवायला लागली. ह्या वेळी चिऊची आई थांबली नाही. दोघांना खोक्यात घालून ती चिऊसकट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. चिऊनं मलाही गुपचूप दप्तरात कोंबलं होतं. दप्तरातून मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाईंनी पिल्लांच्या कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"खरजेचे किडे दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं नसतं. कातडीत दडून बसतात ते. लक्षणं तीच आहेत, तेव्हा आपण औषध सुरू करू."

"एवढ्याशा पिल्लांना सोसेल का हो?" आईनं विचारलं.

"म्हणून तर वजन करून मोजकेच थेंब देतेय. घरी अंदाजानं काही लावू नका, कुत्र्याचं औषध तर नाहीच नाही. दोघांनाही द्यायचं, कमी खाजवतोय त्यालाही. किड्यांची अंडी ह्या औषधानं मरत नाहीत, म्हणून ह्यांना पुन्हा आणावं लागेल. आणि पिंजरा धुवा, गवत फेका, आत जे जे कापड असेल ते उकळून काढा."

जे जे कापड! मी दप्तरात गारठलो. माझ्या अंगात काय चालत होतं ते मला तेव्हा कळलं. ती बाईसाहेब नव्हती. तिला ज्यांनी मारलं, ते होते.

आईनं पिंजरा घासूनपुसून लख्ख केला. नवं गवत आलं, नवं कापड आलं. पण पिल्लं कोपऱ्यात बसून ओरडत राहिली. चिऊला ते बघवेना. शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत ती मला कपाटातून काढून पिंजऱ्यात अंथरायची. पिल्लं धावत यायची, माझ्यात नाक खुपसायची आणि गप्प व्हायची. त्यांचं सगळं जग माझ्यात होतं आणि त्यांचा काळही माझ्यातच होता. नको गं चिऊ, नको, असं मी किती ओरडलो! पण टॉवेलचं कोण ऐकणार?

औषधानं खाज उतरायची आणि परत चढायची. दुसऱ्यांदा औषध झालं, तरी तेच. एके दुपारी टिंबी ताठ झाली आणि माझ्यावरच थरथरू लागली. बाईसाहेब थरथरायची, अगदी तशी. चिऊ तिला तशीच उचलून आईच्या हॉटेलाकडे पळाली आणि तिथून दोघी दवाखान्यात गेल्या.

परत आल्या तेव्हा टिंबी जिवंत होती, पण मलूल. आई डोक्याला हात लावून बसली. "सगळं तर धुतलं! मग हे परत येतंय कुठून?" तिचं लक्ष चिऊच्या गालावर गेलं. तिथे लाल पुरळ उठलं होतं. "हे काय गं?"

चिऊनं पिंजऱ्यातून मला काढलं आणि आईपुढे धरलं.

आई रागावली नाही. तिनं पाणी उकळायला ठेवलं.

"आई, वास राहील का गं?"

"नाही, बाळा."

"थोडासा तरी?"

"रोजचं काम आहे माझं. काही उरत नाही."

चिऊनं मला छातीशी धरलं. "म्हणजे बाईसाहेबांनीच टिंबीला आजारी पाडलं?"

"तिनं नाही गं. तिला जे झालं होतं, ते ह्यात राहिलं."

चिऊनं मला शेवटचं हुंगलं आणि स्वतःच्या हातानं रिकाम्या बादलीत ठेवलं. आईनं वरून उकळतं पाणी ओतलं. मी पोळलो, पण त्याहून वाईट म्हणजे बाईसाहेब माझ्या धाग्याधाग्यांतून निघून जाताना मला कळत होती.

कडक उन्हात वाळवून मला पुन्हा पिंजऱ्यात घातलं. पिल्लांनी मला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं. ढब्बूनं शिट्टी मारली आणि उत्तराची वाट पाहिली. मग दोघं एकमेकांना चिकटून बसली. पुढचं औषध लागू पडलं. टिंबीच्या पाठीवर आता मऊ केस आलेत आणि माझ्या घड्यांत काही हलत नाही. सगळं शांत आहे. ती शांतता मात्र अजून माझ्या अंगावर येते.

मित्रांनो, तुमच्या घरचं मुकं जनावर अंग खाजवत असेल, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या आणि आम्हा कपड्यांनाही उकळून काढा, आमच्यात कुणाचीही आठवण असली तरी. औषधाचे तेवढेसे थेंब बाईसाहेबांनाही पुरले असते.