मिठागराच्या कडा

आपला हात बिघडलाय, या धास्तीनं कमळाकरची झोप उडाली होती. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी तोच करायचा. मूर्तीचा पितांबर त्याची बायको हौसा रंगवायची, अंग आणखी कोणी, पण डोळे कमळाकरनेच आखायचे. ते सगळ्यात शेवटचं काम. फसलं, की आधीच्या मेहनतीवर पाणी. आणि गेल्या आठवड्यात एका मूर्तीची पापणी त्याच्या ब्रशनं थेट गालावर नेली. कोणी बघायच्या आत त्याने ती अंगरंगानं झाकली आणि ब्रशला शिव्या घातल्या. ब्रश बिचारा कोरा करकरीत होता.

हात मोकळा करायचा, असं त्याने ठरवलं. रोह्याच्या चंद्रावतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई, रविवारी मिठागराच्या बांधावर तैलरंग शिकवायच्या. इम्प्रेशनिस्ट पद्धत म्हणे. रेघ नाही, नुसते रंगाचे फटकारे, त्यातूनच रखरखीत उन्हाळा उभा करायचा. मालक दिनानाथला त्याने थाप मारली, मखराचे पडदे रंगवायला शिकतोय.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. रंग लावून होताच त्याने सवयीनं बारीक ब्रश काढला आणि मिठाच्या प्रत्येक ढिगाला काळी आखणी केली. ढीग त्याला लहानपणापासून पाठ होते. कारखान्यातला रंग चहा पिईपर्यंत सुकतो, हा तेलाचा कुठला सुकायला! काळं फरफटलं आणि मिठाचा कोळसा झाला.

"कमळाकर, ते ढीग आहेत, देव नाहीत," बाई हसल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी युक्ती सांगितली. "डोळे अर्धे मिटा. कडा विरतील. मग जे दिसेल तेवढंच रंगवा."

"व्हय बाई, समदं धुरकट झालं!" शेजारी बसलेला दाजी खूश होऊन म्हणाला.

कमळाकरनेही डोळे अर्धे मिटले. मग उघडले. पुन्हा मिटले. काहीच फरक नाही. उन्हाची धग असेल म्हणून त्याने टॉवेलनं डोळे पुसले आणि दाजीकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर दाजीच्या मिशीलाही कड नव्हती. त्याने हात पुढे धरला. हात स्थिर होता.

दुसरं काही सुचेना, म्हणून तो रंगवत राहिला. बाई मागे येऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"वा! हे खरं ऊन. डोळे किती मिटले होतेत?"

"उघडेच व्हते, बाई."

बाईंचं हसू मावळलं. "मोतीबिंदू असेल. काढता येतो. आधी डॉक्टरांना दाखवा."

ते तो दाखवणारच होता. पण कारखान्यात मूर्ती डोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या, आणि हे मालकाला सांगायचं कसं, तेच त्याला कळेना.

संध्याकाळी कारखान्यात त्याने हौसाला सगळं सांगितलं आणि आखणीचा ब्रश तिच्या हातात दिला. त्या ब्रशला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

"अवो, मला नाय जमायचं! तुमच्यासारखा हात हाय का माझा?" ती घाबरली.

"हात माझाच लावतो गो. तू फक्त बघ. कुठं थांबायचं त्ये सांग."

त्याने तिची बोटं आपल्या मुठीत धरली. रेघ मूर्तीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून निघाली, वर चढली, पापणीवरून वळली.

"थांबा," हौसा म्हणाली.

कमळाकर थांबला. त्याला तर पुढे अजून पापणी दिसत होती.