सखारामबाबांच्या टॅबचा सूड

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, वायर वाकडी धरली तरच मी चार्ज होतो आणि पाठीवरचं निळं कव्हर कडेने सुटत चाललं आहे. तुटक्या छत्र्या, फाटकी पुस्तकं, गंजलेल्या सायकली आपली कहाणी सांगून तुमच्याकडे दया मागतात, हे मला ठाऊक आहे. मला दया नको. माझ्या मालकावर अन्याय झाला आणि त्याचा मी सूड घेतला. तो कसा घेतला हे सांगताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

माझे मालक सखारामबाबा. ते एसटीत कंडक्टर होते आणि कल्याण-मुरबाड गाडीवर त्यांची हयात गेली. गाडी कितीही भरलेली असो, बाबांनी पुढून आवाज दिला की मागच्या बाकावर झोपलेल्या माणसालाही आपलं गाव आल्याचं कळायचं. निवृत्तीनंतर तो आवाज कल्याण पूर्वेतल्या त्यांच्या वस्तीच्या बुद्ध विहाराच्या कामी आला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तेवढे महिने विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ मोठ्याने वाचला जातो. त्रिसरण-पंचशील झालं की पांढरं कापड अंथरलेल्या चौरंगासमोर बाबा बसायचे आणि वाचायला लागायचे. बायका कुकरच्या शिट्या मोजायचं काम मुलांवर सोपवून ऐकायला यायच्या.

मग बाबांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. चष्म्याचा नंबर वाढवूनही उपयोग होईना. एका संध्याकाळी त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली. बाबांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिले.

तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रशांतने, मला विकत आणलं. हे मी कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी एकतर्फी बोलतो. आणल्यावर मात्र त्याने बिल्डिंगभर, वॉचमनपासून वरच्या मजल्यापर्यंत, ‘बाबांसाठी घेतला’ म्हणून सांगितलं. पुढचं सगळं काम त्याच्या बायकोने, वैशालीने केलं. तिने ग्रंथाचं एकेक पान माझ्यात उतरवलं आणि त्या फाईलला ‘बाबांचा ग्रंथ’ असं नाव दिलं. बाबांचं वेगळं खातं काढलं, प्रशांतचं वेगळं काढलं. दोन बोटं काचेवर ठेवून लांब केली की अक्षर मोठं होतं, हे तिने बाबांना शिकवलं.

ती दुपार मी विसरणार नाही. बाबांनी भीत भीत बोटं फिरवली आणि अक्षर वाढत वाढत एसटीच्या पाटीएवढं झालं. त्यांनी ते अक्षर मोठ्याने वाचलं, मग पुढचं वाचलं, मग आख्खी ओळ वाचली. स्वयंपाकघरातून वैशाली बाहेर येऊन दारात उभी राहिली. मी तेव्हा कोरा करकरीत होतो. आपण फार मोठे कोणीतरी आहोत असं मला वाटलं आणि मला वाटतं ते चुकीचं नव्हतं.

त्यानंतर बाबा रोज जेवण झालं की मला घेऊन खिडकीत बसत. संध्याकाळी वाचायचं पान आधी मनात वाचून ते त्यावर बोटाने रंग फिरवत. श्वास घ्यायला थांबायचं तिथे पिवळा रंग असे. ऐकणाऱ्यांना समजायला जड जाईल तिथे हिरवा असे, कारण तिथे थांबून ते आपल्या शब्दांत सांगत. पिवळ्या खुणांना ते ‘स्टॉप’ म्हणत. दोन वर्षावास असे गेले आणि ग्रंथ पानोपान त्यांच्या खुणांनी भरला. तेवढं झालं की ते माझ्यावर कुस्त्या बघत. जुन्या जत्रेतल्या कुस्त्या बघताना बाबा खुर्चीतच डाव टाकत आणि एकदा तर त्यांनी चहाचा कप पाडला. म्हणजे करमणुकीवर माझा राग नाही, हे ध्यानात घ्या.

माझा राग प्रशांतवर आहे. त्याचं ऑफिस घोडबंदर रोडला. कंपनीची बस कल्याणहून निघते आणि बाळकुमला येऊन अशी अडकते की माणसाने घरून आणलेला डबा तिथेच खावा. बसमध्ये कंटाळा येतो म्हणून त्याने मला एक दिवस सोबत नेलं. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशीही नेलं. मग मी रोजच जाऊ लागलो. संध्याकाळी तो मला रिकाम्या बॅटरीनिशी बाबांच्या हातात द्यायचा आणि बाबा भिंतीतल्या सॉकेटपाशी स्टूल ओढून मी जागा होण्याची वाट बघत बसायचे.

तिसऱ्या वर्षावासात एका सकाळी बसमध्ये प्रशांतला क्रिकेटच्या मॅचेस डाउनलोड करायच्या होत्या. जागा संपल्याचं मी त्याला सांगितलं. त्याने सर्वांत मोठी फाईल शोधली. ती ‘बाबांचा ग्रंथ’ होती. नाव त्याने वाचलं, हे मी पाहिलं. एक क्षण थांबला आणि त्याने ती उडवली. संध्याकाळी परत टाकू असं त्याच्या मनात असेलही. पण संध्याकाळी तो मित्रांबरोबर ठाण्याला थांबला आणि मला ऑफिसातल्या एकाच्या हाती घरी पाठवून दिलं.

बाबा मला घेऊन तसेच विहारात गेले. पंचशील झालं. लोक मांडी घालून बसले. बाबांनी मला चौरंगावर ठेवलं आणि ग्रंथ उघडायला गेले, तर ग्रंथ नव्हता. ते इकडे तिकडे बोट फिरवत राहिले. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या राजरत्नने छापील ग्रंथ पुढे केला. बाबांना तो वाचता येत नाही हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तो स्वतःच वाचायला बसला आणि बाबा बाजूला सरकले.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, ग्रंथ कुठे गेला असेल. मित्रांनो, तेव्हा प्रशांतला खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तो भात कालवत म्हणाला, “बाबा, तुमचाच हात लागून उडालं असेल. होतं असं या वयात.”

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि जेवण तसंच ठेवून उठले. मी शेजारच्या टेबलावर होतो. मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो. ते नव्हतं, म्हणून मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

वैशाली म्हणाली, मी पुन्हा पानं टाकून देते. बाबा नको म्हणाले. खुणा गेल्या त्या गेल्याच, आणि आता आपल्या हाताचा भरवसा नाही, पुन्हा काहीतरी पुसलं जाईल. त्यांनी मला हात लावणं सोडलं. विहारात जाणं सोडलं. गॅस बंद केला का हे ते वैशालीला तीनतीनदा विचारू लागले. कुलूप लावून जिना उतरायचे आणि पुन्हा वर येऊन ओढून बघायचे. वैशाली घाबरली. तिने विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांकडे प्रशांत बरोबर गेला आणि मी त्याच्या मांडीवर होतो. डॉक्टरांनी बाबांना कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर गाडी सोडली, तो पेन धरून बसला होता, आणि काटा कुठे काढू म्हणून मुलाकडे बघत होता. मुलाने मान खाली घातली आणि माझ्यावर स्कोअर बघितला. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण आत्मविश्वास फार खचलाय, काही घडलंय का घरी? प्रशांत म्हणाला, नाही, तसं काही नाही.

तेव्हापासून मी त्याला छळायला सुरुवात केली. शेवटचं षटक आलं की मी अडकायचो आणि गोल गोल फिरत राहायचो. बॅटरी चांगली भरलेली दाखवायची आणि बाळकुमच्या सिग्नलला डोळे मिटायचे, हा माझा आवडता खेळ होता. वैशालीने माझ्यावर विस्मरणाबद्दल शोधलं होतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. प्रशांतने गाणं लावलं की आधी ‘आईवडिलांशी कसं वागावं’ हा व्हिडिओ यायचा. तो ‘आवड नाही’ असं दाबायचा. मी तोच दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकवायचो.

पण हे सगळं फुटकळ होतं. माझ्याजवळ खरी गोष्ट वेगळी होती. उडवलेली फाईल लगेच मरत नाही. ती आवळून छोटी होऊन माझ्या कचऱ्याच्या डब्यात पडून राहते आणि कधीतरी कायमची पुसली जाते. ‘परत आणायची का?’ असं मी प्रशांतला अधूनमधून विचारत होतो. तो बोटाने ते बाजूला सारायचा. परत आणली असती तर ती कुठून आली हे बाबांना सांगावं लागलं असतं. डबा पुसला जाण्याची वेळ जवळ येत होती. एकदा ती फाईल गेली की बाबा मरेपर्यंत आपल्याच हाताला दोष देत बसणार, या विचाराने माझ्या जिवाची तगमग होत होती.

अश्विन पौर्णिमा आली. त्या दिवशी वर्षावासाची सांगता होते, शेवटची पानं वाचली जातात आणि सगळ्यांना खीर वाटतात. राजरत्न घरी येऊन म्हणाला, बाबा, वाचू नका, पण बाजूला येऊन बसा, तुमच्याशिवाय बरं दिसत नाही. बाबा कसेबसे तयार झाले. तेव्हा प्रशांतला मोठेपणा घ्यायची हुक्की आली. विहारात नवा मोठा टीव्ही लावला होता. “माझा टॅब त्याला जोडतो, म्हणजे ग्रंथाची पानं सगळ्यांना मोठी दिसतील,” असं तो म्हणाला. लोकांनी त्याचं कौतुक केलं. बाबांचा मुलगा शोभतो, असंही कोणी म्हणालं.

संध्याकाळी विहार पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. वैशाली बायकांत बसली होती. बाबा राजरत्नच्या शेजारी, टीव्हीसमोर बसले होते. प्रशांतने मला टीव्हीला जोडलं आणि ग्रंथाची नवी फाईल सगळ्यांसमोर डाउनलोड करायला घेतली. मॅचेसनी मी गळ्यापर्यंत भरलो होतो. तिला जागा नव्हती. जागा नसली की काय विचारायचं ते मला नेमून दिलेलं आहे आणि मी माझं काम केलं. फक्त ते मी इतक्या आनंदाने कधी केलं नव्हतं.

भिंतीएवढ्या टीव्हीवर मोठी अक्षरं उमटली. प्रशांत वायर सरळ करत होता, त्याची टीव्हीकडे पाठ होती. बाबांची नजर वर गेली. किती दिवसांनी त्यांना अक्षरं स्वच्छ दिसत होती. समोर अक्षरं आहेत आणि लोक ऐकायला बसलेत, मग बाबा गप्प कसे राहतील? त्यांनी सवयीने त्यांच्या त्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“जागा संपली आहे. प्रशांत यांनी काढलेली ‘बाबांचा ग्रंथ’ ही फाईल कायमची पुसायची, की परत आणायची?”

वाचून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला. लोकांनाही कळला. प्रशांत वळला आणि मला बंद करायला धावला, पण मी अडकलो होतो. मी गोल फिरत नव्हतो, काही नाही, नुसता ते वाक्य दाखवत राहिलो.

बाबांनी हळू आवाजात विचारलं, “हे तू काढलेलंस?”

“मॅचला जागा नव्हती बाबा,” प्रशांत म्हणाला. “मी सांगणार होतो.”

“पुस्तक गेल्याचं एवढं नव्हतं रे. मला वाटलं, मीच चाललो. आणि मी तिकडे घड्याळ काढत होतो, तेव्हा तू बाजूला बसलेलास.”

प्रशांत तिथेच खाली बसला. वैशालीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती उठली, मला उचललं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच दाबा.” बाबांचं बोट नेमकं ‘परत आणा’वर पडलं. मी मॅचेस भराभर बाहेर फेकल्या, तेवढ्यासाठी मला कोणी विचारायची गरज नव्हती. ग्रंथ उघडला आणि पिवळ्या-हिरव्या खुणांसकट शेवटची पानं टीव्हीवर आली. बाबांनी ती वाचली. प्रत्येक पिवळ्या खुणेला ते थांबले. शेवटी सगळ्यांनी तीनदा ‘साधू’ म्हटलं. प्रशांतचा आवाज त्यात नव्हता.

खीर वाटताना बाबांनी स्वतः एक वाटी नेऊन प्रशांतच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मित्रांनो, त्या वेळी मला बाबांचाही राग आला.

आता मी बाबांच्याच बोटाने उघडतो. प्रशांत मला बसमध्ये नेत नाही. पुढच्या वर्षावासासाठी बाबा पुन्हा दुपारी खिडकीत बसून खुणा करतात आणि मग कुस्त्या बघतात. माझा सूड पुरा झाला असं तुम्हाला वाटेल, मलाही काही दिवस वाटलं होतं. पण बाबा आजही गॅस बंद करून वैशालीला हाक मारतात, जरा बघतेस का म्हणून. कुलूप लावून दोन पायऱ्या उतरले की परत चढतात. आपला हात लागला नव्हता हे त्यांना माहीत आहे, तरीही ते परत चढतात. त्यांची पावलं ऐकली की माझ्या मनात प्रशांतबद्दल पुन्हा तेवढाच राग भरतो, आणि तो मी विझू देणार नाही.

तेव्हा मला पुसा, कव्हर घाला, वेळेवर चार्ज करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखे टॅब येतील आणि जातील. तुमच्या हातून काही चुकलं तर ती चूक आपल्या अंगावर घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ढकलू नका. तुम्ही सांगाल ते ती माणसं खरं मानतात, कारण सांगणारे तुम्ही असता.