खळीचे शर्ट

सासऱ्यांनी लाँड्री काढली, नवऱ्याने वाढवली आणि धाकट्या दिरांनी लिंबासारखी पिळून साल माझ्या हातात ठेवली.

हॉटेलांच्या चादरी आणि इस्पितळाचे कोट धुऊन आमचं घर चालतं. हे गेले तेव्हा दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, जुना बॉयलर मी बदलून देतो." महिना सरायच्या आत धंद्यातला आपला अर्धा वाटा काढला आणि ती मोबाईलमधली, हाताला न लागणारी आभासी नाणी घेतली. जाब विचारला तर मलाच शिकवायला बसले.

"लाँड्रीत साबणावर कर, वाफेवर कर, उरलं त्यावर कर. या नाण्यांवर अजून काहीच नाही. शहाणा माणूस पैसा कुठे ठेवेल?"

"आणि बॉयलर?"

"दुसरीत शाळा सुटली तुझी. तुला नाही कळायचं."

ज्यांचं नाक मी पुसलं, ते मला अक्कल शिकवत होते. त्याच हिवाळ्यात बॉयलर फुटला. इस्पितळाचं काम गेलं. कामावरच्या निम्म्या बायकांना मी स्वतः घरी पाठवलं. जाताना एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. ते मी गाठीशी बांधून ठेवलं.

नाणी मात्र फुगली. कर नाही म्हटल्यावर न्हावी, टॅक्सीवाला, जो तो घ्यायला लागला. मग सरकारला वास लागला. विकून नफा झाला की तिसरा हिस्सा सरकारचा, असा कायदा आला. ज्यांच्याकडे चिमूटभर होतं ते गप्प आपापल्या धंद्याला लागले. ज्यांच्याकडे ढीग होता ते सरहद्दीपलीकडे गेले, कारण तिथे हा कर नव्हता. पाणी उताराकडे जातं, पैसा सवलतीकडे. आमचे दीरही गेले.

अट एकच होती. इथे राहतं घर असेल, तर माणूस कुठेही झोपो, कर इथेच. म्हणून त्यांनी सरकारला लिहून दिलं, की इथे आपलं काही उरलेलं नाही.

पण शर्ट उरले होते. लाँड्रीवाल्याचे चिरंजीव ते, परक्या हातची खळ त्यांच्या मानेला टोचते. शिवाय तिकडे धुलाई महाग. एवढं घबाड पलीकडे नेलं, पण मळके शर्ट बॅग भरभरून माझ्याकडे आणायचे, फुकट धुवायला. आले की वरच्या खोलीत राहायचे.

मी खोलीला नवे पडदे लावले, पलंगाखाली त्यांच्या सपाता मांडल्या.

"वहिनी, मनाची मोठी आहेस. राग धरत नाहीस."

"धरून ठेवू कुठे, भाऊजी? कपाटं तुमच्या शर्टांनी भरलीत."

मग पलीकडे गेलेल्यांची घरं तपासत कर खात्याची बाई आली. मी तिला सरळ वरच्या खोलीत नेलं आणि कपाट उघडलं.

"कोणाचेही असतील हे," ती म्हणाली.

मी एकेक कॉलर उलटून दाखवली. आमच्याकडे प्रत्येकाच्या कपड्याला दोऱ्याची खूण असते. दिरांची निळी फुली, सासऱ्यांनी ठरवलेली. त्यांच्या शाळेच्या सदऱ्यावर तीच, आणि सरहद्दीपलीकडच्या दुकानाची चिठ्ठी असलेल्या नव्या शर्टावरही तीच.

"ही कधी घालता?"

"कपडा धुवायला आला की. खुणेशिवाय आमच्या टाकीत काही जात नाही."

"म्हणजे ते इथे येतात."

"येतात म्हणजे? घरच आहे त्यांचं. मी खोटं कशाला बोलू?"

सगळ्या नाण्यांच्या नफ्यावर इथला कर बसला, वर दंड. दिरांचा फोन आला.

"बुडवलंस मला, वहिनी. नुसतं पाहुणा म्हणाली असतीस तर?"

"तो शब्द तिसरीच्या पुस्तकात असेल, भाऊजी. मी दुसरीतच सुटले."

मुलगी इस्त्री थांबवून म्हणाली, "आई, पैसा सरकारने नेला. बॉयलर काही आला नाही आपल्याला."

"नाही आला. बायकाही नाही आल्या परत. झोप मात्र आली."

मी खिडकीशी बसले आणि कात्रीच्या टोकाने धुवायच्या राहिलेल्या एकेका शर्टाची निळी फुली उसवायला घेतली. सगळ्या उसवून झाल्यावर गठ्ठा बांधला आणि तिला म्हटलं, तिकडे पाठवून दे.

"अगं, मळकेच? काका धुणार कुठे?"

"तिकडेच. तिकडे कर नाही म्हणे."