नवाबचा खुराक

"आता बस झालं व नुजहत. दोन्ही बकऱ्या येत्या बाजारी कसायाले देतो मी."

मथुराबाई अब्दुल गनीच्या अंगणात फतकल मारून बसली होती. तिच्या बकऱ्या तीनदा माजावर आल्या, तीनदा गनीच्या बोकडाकडे आणल्या, पण गाभण काही राहिल्या नाहीत. त्या साली घाटंजीत कापूस अळीनं खाल्ला, उरलेला भावानं खाल्ला. मथुराबाईचं घर तगून होतं ते याच दोन बकऱ्यांवर.

"खोट बकरीतच हाय," गनी म्हणाला. "माह्या नवाबकडं पाहा. हाय का जोड?"

नवाब होताच नवाबासारखा. पाठ चकाकती, मान ताठ. बाकीचे बोकड लोकांनी टंचाईत विकून टाकलेले, त्यामुळे सगळ्या वस्तीची भिस्त या एकट्यावर.

नुजहत ही गनीची थोरली बहीण. लग्नाच्या फंदात न पडता हैदराबादच्या प्रयोगशाळेत हयात काढून नुकतीच घरी परतलेली. संप्रेरकं आणि प्रजनन हा तिचा विषय. आता हे अम्मीला, अमिनाबींना, सांगावं तरी कसं? शेजारणींनी विचारलं की अमिनाबी "दवाखान्यात हाय" म्हणून मोकळ्या व्हायच्या. नुजहतला शाली मिळाल्या, सत्कार झाले, पण आपलं काम एकदा तरी अम्मीच्या तोंडून ऐकावं ही हौस काही फिटली नव्हती.

आणि एवढ्या शिकल्या-सवरल्या बाईनं महिनाभर केलं काय, तर बकऱ्याच तपासल्या! जंताचं औषध पाजलं, मिठाचा खडा चाटवला. बोकडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात गनी भिजवलेल्या सरकीचं घमेलं घेऊन आला. तो कापसाच्या जिनात मशिनी दुरुस्त करायचा. त्या साली मालकाकडे पैसा नव्हता, म्हणून पगाराऐवजी सरकीची पोती घरी आली होती आणि ती सगळी नवाबच्या पोटात जात होती.

"खा बेटा, ताकत येते."

नुजहत पाहतच राहिली. मग कपाळावर हात मारून अशी हसत सुटली की मथुराबाई घाबरली.

"काय झालं व?"

"अवं, जन्मभर मी हेच केलं! नर उंदरायले सरकीतलं विष चारायचं, अन् त्यायचं बीज कसं मरते ते पाहाचं. अन् घरातलं घमेलं दिसलं नाई मले!"

गनीचं तोंड उतरलं. "आपा, तू माह्या नवाबले नामर्द म्हणून राह्यली?"

नुजहतनं वाद घातला नाही. दोन दिवसांनी कुणाचीशी बकरी आली, तेव्हा तिनं नवाबच्या बीजाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला भावाचा डोळा लावून दिला. बाजेवरून अमिनाबी पाहत होत्या.

"हे सारे झोपले काहून?"

"शेपट्या मोडल्या त्यायच्या. सरकी बंद कर. नवी फौज तयार व्हाले दोनेक महिने लागतील."

गनीनं नवाबपुढचं घमेलं उचलून बाजूला ठेवलं. "मायेनं चारत होतो, आपा."

"मले माहीत हाय रे. सारा मुलूख तेच चारते."

मग ती, काय निघते ते पाहायला आलेल्या मथुराबाईकडे वळली. "दोन महिने थांब. माह्यासाठी."

दोन महिने फुकटचा चारा! मथुराबाईनं बकऱ्यांकडे पाहिलं, नुजहतकडे पाहिलं. "दवाखान्यातल्या बाईले बकरीचं काय समजते म्हणा," ती उठत म्हणाली, "पण थांबतो."

दोन महिन्यांनी बकऱ्या पुन्हा नवाबकडे आल्या आणि पोळ्याच्या आसपास एक व्याली, मागोमाग दुसरीही. मथुराबाई पहिला चीक पितळी गंजात घेऊन आली. नुजहतनं तो चुलीवर ठेवला. बाहेर अमिनाबी बाजेवर बसल्या होत्या. मथुराबाईसोबत आलेल्या भुरीबाईनं विचारलं, "खाला, तुमची पोरगी हैदराबादले काय काम करे व?"

नुजहतनं सवयीनं मान खाली घातली.

"माही पोरगी?" अमिनाबींनी डोक्यावरची ओढणी नीट केली. "नराची खोट शोधते. लोकं मादीले बोल लावते, माही पोरगी नराले तपासते."

चीक ढवळणारा नुजहतचा हात थांबला. तळाशी थोडं करपलंच. वास सगळ्यांना आला, तरी सगळ्यांनी खाल्लं. अमिनाबींनी तर वाटी बोटानं पुसून खाल्ली.